परळ ते बांबोळी : रक्ताचं देणं

सिंधुदुर्गात एक वाक्य ऐकलं की घरातली माणसं हातातलं काम ठेवून उठतात. "बांबोळीक न्हेल्यानी." कुणाला, कशासाठी, हे नंतर विचारलं जातं. बांबोळी म्हटलं की प्रकरण साधं नाही, एवढं सगळ्यांना कळतं. बांबोळी हे गोव्यातलं पणजीजवळचं गाव. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजला गोव्यात 'गोमेकॉ' म्हणतात, आणि मालवण, कुडाळ, सावंतवाडीत नुसतं 'बांबोळी'. गावाचं नाव हॉस्पिटलचं झालं.

छातीत दुखायला लागलं, गावच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि मान हलवली, की गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागते. बांदा मागे पडतं, पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडली जाते, म्हापसा येतं, मांडवीवरचा पूल येतो. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्याच्या हातात फोन असतो आणि तो पहिला फोन बहुतेक वेळा पैशासाठी नसतो. तो रक्तासाठी असतो. "बी पॉझिटिव्ह कोण आसा वाडीत?"

हा लेख त्या फोनबद्दल आहे. हृदयावर शस्त्रक्रिया होऊन बरा झालेला माणूस आपल्याला वाचवणाऱ्या हॉस्पिटलला परत काय देतो, आणि मुळात त्याने काही द्यायला हवं का, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. त्याचा रस्ता मालवणहून निघतो. तो आधी मुंबईत परळला जातो, तिथून बॉस्टनला आणि मिनेसोटाला वळसा घालून पुन्हा बांबोळीच्या ब्लड बँकेपाशी येतो.

देवाचं फेडता येतं

आपल्याकडे ऋण फेडायची एक पक्की रीत आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत जा. गर्दीतल्या किती माणसांनी वर्षभरात काही ना काही बोललेलं असतं, आणि ते फेडायला ती आलेली असतात. गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, प्रत्येक मागणीनंतर सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागणं सगळ्यांसमोर आणि फेडणंही सगळ्यांसमोर. नारळ, ओटी, तुला, जे बोललं असेल ते. देव आणि माणूस यांच्यातला हिशेब असा चोख असतो.

हॉस्पिटलचा हिशेब असा नसतो. तिथे कुणी नवस बोलत नाही. सरकारी हॉस्पिटलात तर बिलही नाममात्र. ज्याने छाती उघडून झडप दुरुस्त केली तो सर्जन पुढच्या रुग्णाकडे गेलेला असतो, भूल देणारा डॉक्टर कोण होता हे आपल्याला आठवतही नाही, आणि रात्रभर उशाशी उभी असलेली सिस्टर दुसऱ्या वॉर्डात बदलून गेलेली असते. मग देणार कुणाला? बर्फीचा बॉक्स वॉर्डात वाटून माणूस घरी येतो आणि आयुष्यभर त्याला वाटत राहतं की काहीतरी राहून गेलं.

गिरणगावातलं हॉस्पिटल

कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ साली. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मालवण किनाऱ्यावरच्या माणसाला 'मोठं हॉस्पिटल' म्हणजे मुंबई. जवळपास काहीच नव्हतं असं नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. गोहीन यांचं वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल होतं. (त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला.) घाट चढून गेलं की मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल होतं. लोकांनी त्यांची आठवण अशी ठेवली की तिथल्या एका वस्तीचं नावच वॉनलेसवाडी आहे. पण हृदयासारखं दुखणं निघालं की बोट धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि परळ गाठायचं.

परळच का? कारण माणसं तिथेच होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून कामगारांची रांग लागलेली असायची, आणि आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोडच्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या होत्या. दहा बाय बाराच्या जागेत पंधरा-वीस जण पाळ्यांनी झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्या वळकटीवर पडायचा. गावाकडे मनीऑर्डर जायची. गावाची मंडळं होती, त्यांच्या सभा व्हायच्या, वर्गण्या निघायच्या. गावातली शाळेची इमारत, देवळाचा सभामंडप, विहिरीचं बांधकाम यांच्या पावत्या मुंबईच्या चाळीत फाटायच्या. मालवणी माणसाला 'परत देणं' हे कुणी शिकवावं लागलं नाही. चाकरमानी या शब्दाचा अर्थच तो.

आणि या वस्तीच्या मधोमध १९२६ साली किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजे केईएम, उभं राहिलं. त्याला जोडून सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. कॉलेजला देणगी देणाऱ्यांनी एक अट घातली होती : शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. ब्रिटिश अमलात वरच्या वैद्यकीय जागा गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या, त्यामुळे ही अट म्हणजे एक राजकीय विधानच होतं. कॉलेजच्या सुरुवातीच्या काळात डीन होते जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. बाजूलाच १९२६ आणि १९२९ साली वाडियांची दोन हॉस्पिटलं आली, एक बाळंतपणाचं आणि एक मुलांचं. वाडिया हे गिरणीमालक. तो पैसा कुणाच्या घामाचा होता हे वेगळं सांगायला नको. म्हणजे परळची हॉस्पिटलं ही एका अर्थी गिरणगावाला मिळालेली परतफेड होती, मागून न मिळालेली आणि थोडी उशिरा आलेली.

अरुंद झडप

मालवणहून येणाऱ्या तरुण हृदयरुग्णांचं दुखणं तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. आज आपण हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास हे शब्द ऐकतो. तेव्हा गरिबांच्या हृदयाचा मोठा शत्रू होता संधिवाती ताप. लहानपणी घसा दुखतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. शरीर त्याच्याशी लढताना चुकून आपल्याच हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. घसा आठवड्यात बरा होतो, पण झडप वर्षानुवर्षं जाड आणि अरुंद होत जाते. डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झाली की रक्त फुप्फुसात तुंबतं. मुलगी विहिरीवरून पाणी आणताना दम लागून बसते. बाळंतपणात जीव जायची वेळ येते. दाटीवाटीची खोली, अर्धवट औषध आणि हलाखी ही या रोगाची खरी मुळं. वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर तो टळतो. म्हणजे ज्या चाळीत माणूस कमवायला जायचा तीच त्याच्या मुलांच्या झडपा बिघडवायला पोषक होती.

१९४८ पर्यंत या झडपेवर उपाय जवळजवळ नव्हताच. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेत एका आठवड्याच्या आत दोन सर्जनांनी ती शस्त्रक्रिया यशस्वी केली : १० जूनला फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि १६ जूनला बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन. बेलींचे आधीचे बहुतेक रुग्ण दगावले होते. हॉस्पिटलं त्यांना नकार देऊ लागली होती. म्हणून त्यांनी त्या दिवशी दोन वेगवेगळ्या हॉस्पिटलांत दोन शस्त्रक्रिया ठरवल्या होत्या, म्हणजे पहिली फसली तर दुसरी कुणी थांबवायच्या आत करता यावी. युक्ती साधी होती आणि थरकाप उडवणारी. हृदय धडधडत असतानाच त्याच्या डाव्या कर्णिकेत बोट घालायचं आणि चिकटलेली झडप मोकळी करायची. सर्जनला काही दिसायचं नाही. सगळं बोटाच्या स्पर्शावर.

हीच शस्त्रक्रिया पुढे भारतात आली, वेल्लोरला आणि केईएमला. केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग घडवला. सेनांचं नाव इतिहासात आलं ते फेब्रुवारी १९६८ मधल्या हृदय प्रत्यारोपणामुळे. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं ३ डिसेंबर १९६७ रोजी, आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत परळच्या महापालिका हॉस्पिटलात ते झालं. रुग्ण काही तासच जगला. भारतात मेंदूमृत्यूचा कायदा यायला त्यानंतर सव्वीस वर्षं लागली. तो १९९४ साली आला, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं.

प्रत्यारोपणाची बातमी जगभर गेली. पण गिरणगावाच्या हिशेबात केईएमचं मोल वेगळ्या कामात होतं. झडप मोकळी झाली आणि धाकटी बहीण पुन्हा जिना चढू लागली, एवढंच ते काम.

बॉस्टनचे चौघे

आता पुन्हा हार्केनकडे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लष्करी हॉस्पिटलात त्यांनी जखमी सैनिकांच्या छातीतून गोळ्या आणि लोखंडाचे तुकडे काढले होते, एकूण १३४. त्यातले १३ थेट हृदयाच्या कप्प्यांतून. एकही सैनिक दगावला नाही. हृदयाला हात लावला की माणूस मरतो ही जुनी समजूत त्यांनी तिथे मोडली.

युद्धानंतर बॉस्टनला त्यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेआधी रुग्णाला सगळ्यात जास्त धीर देतो तो डॉक्टर नव्हे. तो असतो त्याच वाटेने जाऊन परत आलेला दुसरा रुग्ण. शर्टाची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवणारा. जानेवारी १९५१ मध्ये हार्केनचे चार रुग्ण एकत्र बसले. आपण जिवंत आहोत, आता करायचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून 'मेंडेड हार्ट्स' ही संघटना निघाली. नावाचा अर्थ सरळ आहे, दुरुस्त झालेली हृदयं. त्यांचं काम एकच : ज्याचं ऑपरेशन उद्या आहे त्याच्या खाटेजवळ जाऊन बसायचं. पंचाहत्तर वर्षं झाली, ती संघटना आजही हेच काम करते.

त्या चौघांनी एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. हार्केनचं ऋण हार्केनला फेडता येणार नव्हतं. त्याला पैशाची किंवा फुलांची गरज नव्हती. म्हणून त्यांनी ते ऋण पुढच्या खाटेवरच्या माणसाकडे वळवलं. आपल्याकडे नवस मागे फेडतात, ज्याने दिलं त्याला. यांनी पुढे फेडला.

बापाच्या रक्तावर चाललेलं लेकराचं हृदय

पुढची अडचण मोठी होती. बोटाने झडप मोकळी करता येते, पण हृदयाच्या आत भोक असेल तर? ते शिवायचं तर हृदय उघडायला हवं, आणि उघडायचं तर तेवढा वेळ रक्ताभिसरण दुसऱ्या कशाने तरी चालवायला हवं. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पण यंत्र बेभरवशाचं होतं. त्यानंतरच्या अपयशांनी गिबन यांनी ते काम सोडून दिलं.

मिनेसोटा विद्यापीठातल्या वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळाच मार्ग काढला. यंत्राऐवजी माणूस. २६ मार्च १९५४ रोजी त्यांनी एका लहान मुलाच्या रक्तवाहिन्या त्याच्या बापाच्या रक्तवाहिन्यांना नळ्यांनी जोडल्या. दोघे शेजारी शेजारी टेबलांवर. मुलाचं हृदय बाजूला ठेवलं आणि तेवढा वेळ बापाच्या हृदयाने दोघांचं रक्त फिरवलं. तो पहिला मुलगा पुढे न्यूमोनियाने गेला. पण अशा एकूण ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि २८ मुलं घरी गेली. एका आईला या प्रकारात गंभीर इजा झाली. एका शस्त्रक्रियेत दोन जीव जाऊ शकतात असं टीकाकार म्हणत, आणि ते खरंच होतं. पुढे यंत्रं सुधारली आणि ही पद्धत मागे पडली.

पण तिने एक गोष्ट उघडी करून दाखवली. हृदयावरची मोठी शस्त्रक्रिया एकट्या सर्जनची नसते. ती कुणाच्या तरी रक्तावर चालते. यंत्र आलं तरी सुरुवातीच्या काळात ते चालू करायलाच बाटल्याच्या बाटल्या ताजं रक्त भरावं लागायचं. आज तंत्र सुधारलं आहे, रक्त कमी लागतं, कधी कधी लागतही नाही. तरीही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ब्लड बँकेत त्या गटाचं रक्त तयार आहे ना, हे बघितल्याशिवाय टेबल लावलं जात नाही. कारखान्यात रक्त बनत नाही. लाल पेशी शीतपेटीत जास्तीत जास्त सहा आठवडे टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे गेल्या वर्षी खूप लोकांनी दिलं म्हणून या वर्षी चालेल, असं होत नाही.

विकत, बदल्यात की असंच

रक्त मिळवायच्या तीन वाटा. विकत घ्या, नातेवाइकाकडून बदल्यात घ्या किंवा कुणी असंच दिलेलं वापरा.

भारतात बरीच वर्षं पहिली वाट उघडी होती. हॉस्पिटलांच्या आसपास पैशासाठी रक्त देणारे लोक असायचे. ते पुन्हा पुन्हा द्यायचे, अशक्त असायचे, आणि आजार लपवायचे, कारण न लपवून त्यांना परवडणारं नव्हतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ब्रिटन आणि अमेरिकेची तुलना करून नेमकं हेच दाखवलं : विकतच्या रक्तापेक्षा मोफत दिलेलं रक्त जास्त सुरक्षित असतं, कारण ज्याला काही मिळवायचं नाही त्याला खोटं बोलायचं कारण नसतं. भारतात 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं.

राहिल्या दोन वाटा. "चार बाटल्या लागतील, चार माणसं आणा" ही दुसरी. मुंबईत राहणाऱ्याला ती जमते. गिरणगावाच्या काळात मालवणच्या रुग्णालाही जमायची, कारण गावच्या खोलीतले वीस तगडे जण चालत केईएमला यायचे. पण १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, चाकरमानी विरार-डोंबिवलीच्या पलीकडे पांगले. तोवर इकडे गोमेकॉ वाढलं होतं. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यक शाळेचं हे आजचं रूप. सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटर आणि बांबोळी सत्तरच्या आसपास. रुग्णांचा ओघ फिरला तो असा.

पण बांबोळीत गावची खोली नव्हती. नवऱ्याला आयसीयूत ठेवलेलं, बायको बाहेर बाकड्यावर, सोबत शाळेत जाणारा मुलगा. चार रक्तदाते आणायचे कुठून?

सत्तर किलोमीटर, साडेतीनशे मिली

या जागी आजचा सिंधुदुर्ग उभा राहिला. जिल्ह्यात रक्तदात्यांच्या संघटना तयार झाल्या. सिंधु रक्तमित्र प्रतिष्ठान हे त्यातलं परिचित नाव. यांचं काम नुसती शिबिरं घेण्यापुरतं नाही. कोणाचा गट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, आज कोण देऊ शकेल याची माहिती त्यांच्याकडे असते, व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतो, आणि कुडाळ-कणकवलीकडचा तरुण कामावरून अर्धा दिवस सुट्टी टाकून ओपन हार्ट सर्जरीच्या रुग्णासाठी बांबोळीला जातो. रुग्ण त्याच्या ओळखीचा असायची गरज नाही.

यात एक गंमत आहे, ती ध्यानात घेतल्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही. ज्याचं हृदय दुरुस्त झालं तो स्वतः रक्त देऊ शकत नाही. आपल्याकडचे नियम तसे आहेत. हृदयरोग असलेल्याला, बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेल्याला रक्तदात्यांच्या यादीतून कायमचं वगळलं जातं. त्याच्या भल्यासाठीच. म्हणजे ज्याच्यावर ऋण आहे नेमका तोच ते या नाण्यात फेडू शकत नाही. त्याच्याऐवजी त्याचा मुलगा देतो, पुतण्या देतो, वाडीतला क्रिकेट टीमचा बॉलर देतो. बरा झालेला माणूस फार तर शिबिराच्या दिवशी खुर्च्या मांडतो, सरबत वाटतो, आणि घाबरलेल्या पोराला म्हणतो, "काय जाणा नाय, माझ्या अंगात सहा जणांचा रगत आसा."

हे वाक्य काल्पनिक आहे, पण ते म्हणू शकतील अशी माणसं प्रत्येक गावात सापडतील. बॉस्टनच्या त्या चौघांचं काम हेच होतं. व्रण दाखवायचा आणि दुसऱ्याची भीती घालवायची.

दुर्मीळ गटांचा प्रश्न आला की ही माहिती अजून मोलाची ठरते. १९५२ साली मुंबईत केईएमच्या मेडिकल कॉलेजात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक असा रक्तगट सापडला जो चाचणीत 'ओ'सारखा दिसतो, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. असा रुग्ण आला तर पैसा, ओळख, वशिला काही चालत नाही. त्या गटाचा माणूस कुठे राहतो हे कुणाला तरी माहीत असावं लागतं आणि त्या माणसाने उठून यावं लागतं. एवढंच.

कृतज्ञ असावं, पण गप्प बसावं का?

१ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. सिंधुदुर्गात खळबळ उडाली. दोडामार्गात आरोग्याच्या प्रश्नावर आंदोलन पेटलं.

गोव्याचं म्हणणं सोपं होतं. हॉस्पिटल आमच्या करांवर चालतं, खाटा मोजक्या आहेत, शेजारच्या राज्याने आपली माणसं का सांभाळू नयेत? सिंधुदुर्गातल्यांना ते लागलं, कारण त्यांच्या मनात ही सीमा तशी पक्की नाही. पेडणं अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. सोयरिकी आजही इकडून तिकडे होतात. कुलदैवत गोव्यात आणि घर मालवणात, हे अगदी नेहमीचं. त्यात आमच्या पोरांचं रक्त तुमच्या ब्लड बँकेत आहे, ते काय पत्रादेवीला अडवून तपासलं होतं?

हा शेवटचा मुद्दा भावनेला पटतो, पण तो धरून बसू नये असं मला वाटतं. रक्त दिलं म्हणून खाटेवर हक्क मिळतो असं म्हटलं तर ते पुन्हा विकणंच झालं, फक्त पैशाऐवजी खाट. आणि ज्याच्या वाडीतून कुणीच रक्त दिलं नाही त्याचं काय? ब्लड बँकेत गेलेल्या पिशवीवर गटाचं नाव असतं, गावाचं नसतं. मालवणच्या पोराचं रक्त काणकोणच्या म्हातारीला चढलं असेल आणि डिचोलीच्या कुणाचं कुडाळच्या मास्तरांना. तेच त्याचं सौंदर्य आहे, आणि म्हणून त्याचं बिल फाडता येत नाही.

आंदोलनाचा खरा रोख दुसरीकडे असायला हवा होता, आणि बऱ्याच जणांचा तो होताही. गोव्याने फुकट का करावं यापेक्षा, आपल्या जिल्ह्यात हे का नाही? महाराष्ट्राने गरीब रुग्णांच्या हृदय शस्त्रक्रियांसाठी १९९७ साली जीवनदायी योजना आणली. पुढे तिचं नाव राजीव गांधी आणि मग महात्मा फुले जनआरोग्य योजना झालं. पैशाची सोय काही प्रमाणात झाली. पण कार्डात कितीही रक्कम असली तरी घाटरस्त्यावरून कोल्हापूरला किंवा महामार्गाने बांबोळीला जायला लागणारा वेळ त्यातून विकत मिळत नाही. हार्ट अटॅकमध्ये स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. आता ओरोसला शासकीय मेडिकल कॉलेज झालं आहे. तिथे हृदयाची तज्ज्ञ टीम टिकेल, रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होईल, असा दिवस यायला हवा. कृतज्ञतेने ही मागणी बोथट होता कामा नये. रक्तदाते बांबोळीला धावतात म्हणून जिल्ह्यात हृदयाची सोय नसली तरी चालतं, असा हिशेब कुणी करू लागलं तर आपल्या चांगुलपणाचाच आपल्याविरुद्ध वापर झाला म्हणायचा.

आणि उलटही खरं आहे. उद्या ओरोसला सगळं झालं तरी रक्त लागणारच. ते सरकारला बजेटमध्ये मंजूर करता येत नाही.

शेवटी फोनबद्दल

वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण अठरा ते पस्तीसच्या मधले असतील असं धरतो. म्हणजे तुम्ही अजून देऊ शकणाऱ्यांत आहात. वजन पंचेचाळीस किलोच्या वर, हिमोग्लोबिन ठीक, गंभीर आजार नाही, एवढं असलं की पुरे. एका वेळी साधारण साडेतीनशे मिली घेतात. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यायला हरकत नसते. वय पासष्टपर्यंत चालतं. मध्येच कुणाला मधुमेहाचं इन्सुलिन लागतं, कुणाला हृदयाचा त्रास सुरू होतो, आणि दाता रुग्णांच्या बाजूला जाऊन बसतो. सगळ्यांनाच कधी ना कधी बाजू बदलावी लागते. म्हणून देता येतं तोवर द्यायचं.

गिरणगावातल्या खोल्यांत गावाची एक वही असायची. कुणी किती वर्गणी दिली, कुणाला अडचणीला किती दिले, हे त्यात लिहिलेलं असायचं. त्या वह्या आता बहुतेक हरवल्या. पण ज्या फोनवर "बी पॉझिटिव्ह कोण आसा वाडीत?" असा मेसेज येतो आणि पाच मिनिटांत तीन जण "मी येतंय" लिहितात, ती तीच वही आहे. फक्त तिच्यात रुपये नाहीत, रक्तगट आहेत, आणि ज्याच्यासाठी आज नाव लिहिलं त्याने ते आपल्याला परत द्यावं अशी कुणाची अपेक्षा नाही. तो देऊही शकणार नाही. त्याचा मुलगा कुणा तिसऱ्याला देईल.